दाजींच्या गाडीची टाकी

आधीच माफी मागतो. आमच्या घरात बारावीच्या पुढं शिकणारा मी पहिलाच. नांदेडला कॉलेजात आहे, तेही विज्ञानाला. लिहिण्याशी माझा संबंध जर्नलपुरता. शिवाय ही गोष्ट माझी नाही, थोरल्या बहिणीची आहे. तिला विचारलं, तेव्हा म्हणाली, लिही, पण नाव टाकू नको. म्हणून कुणाचंच टाकत नाही. काही चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

आमचं गाव कंधारजवळ. अक्काला लातूरकडं दिली होती. लग्नात दाजींना मोटारसायकल हवी होती, ती वडिलांनी दिली. नवी परवडली नाही, एकानं वापरलेली जुनी दिली. हे दाजींना कायम खुपायचं. एका पंचमीला ते अक्काला घेऊन आले आणि गाडी आमच्या दारातच बंद पडली. दुसऱ्या दिवशी निघताना गाडीकडं आणि अक्काकडं बोट करत म्हणाले, "राहू द्या दोघींलाबी हितंच. गाडी नीट झाली की दोघींलाबी घेऊन जातो."

आम्ही सगळे हसलो. अक्काही हसली. दाजी एस.टी.नं गेले.

त्या एका वाक्यावर आमच्या घरानं दोन पावसाळे काढले. गाडी दुरुस्त करतो म्हटलं की दाजी फोनवर सांगायचे, हात लावू नका, मीच माझा मिस्त्री घेऊन येतो. जावयाचा शब्द मोडायचा नाही म्हणून वडिलांनी खरंच हात लावला नाही. गाडी लिंबाखाली उभी राहिली. टाकीच्या झाकणाचं रबर गेलेलं, पावसाचं पाणी आत झिरपत राहिलं. हापशावर बायका आईला विचारायच्या, पोरगी अजून हितंच का? आई सांगायची, गाडी बिघडली हाय. वर्ष उलटलं तरी हेच उत्तर. विचारणाऱ्या एकमेकींकडं बघायच्या.

मग उन्हाळ्यात धोंड्याचा महिना आला. धोंड्याला बोलावलेला जावई नाही म्हणत नाही. वडिलांनी ठरवलं, पाव्हण्यांना जेवायला बोलवायचं, चालू गाडी हातात द्यायची आणि पोरीला तिच्या घरी लावून द्यायचं. मी सुट्टीला आलो होतोच.

कंधारच्या मिस्त्रीचाचांनी आमच्या दारात येऊन इंजिन बघितलं, ते ठीक होतं. त्यांनी टाकीचं झाकण उघडून आत बोट फिरवलं आणि मला दाखवलं. बोट तांबडंलाल.

"बेटा, ये टाकी है के गेरू का मटका?"

या जुन्या गाडीची टाकी आता बाजारात मिळत नव्हती. ते म्हणाले, घरीच साफ करा, वेळ लागेल. मग मी आणि अक्का टाकी उतरवून बसलो. जुनं पेट्रोल काढलं. ते पेट्रोल राहिलंच नव्हतं, सडक्या वासाचं तपकिरी पाणी होतं. खालची भोकं सायकलच्या ट्यूबचं रबर लावून बंद केली. ओढ्यातली बारीक खडी आणि कपड्याची पावडर आत टाकली, टाकी जुन्या गोधडीत गुंडाळली आणि दोन्हीकडून धरून हलवायला लागलो. पहिलं पाणी विटेच्या रंगाचं निघालं. दुसरंही. माझे हात भरून यायचे. अक्का थांबायची नाही. मी म्हटलं, जरा दम घे की. ती म्हणाली, "तू घे. तुला कुटं जायचंय?"

खडीनं सुटला नाही तो गंज काढायला आईनं वर्षाची चिंच फोडली. चिंचेचा कोळ टाकीत भरून ठेवला, दुसऱ्या दिवशी ओतला, सोड्याच्या पाण्यानं धुतली. सावलीत ठेवून जेवायला गेलो, तेवढ्यात आतल्या ओल्या पत्र्यावर गंजाची पिवळी साय धरली होती. पुन्हा सगळं पहिल्यापासून. या वेळी टाकी उन्हात तापलेल्या पत्र्यावर ठेवली आणि वाळल्याबरोबर ऑइल मिसळलेलं पेट्रोल आत फिरवलं. मोबाईलचा उजेड आत टाकून अक्का बराच वेळ बघत होती. पांढरा पत्रा दिसत होता. त्या संध्याकाळी तिनं पिशवी भरली.

दाजी आले. दोघांना पाटावर जोडीनं बसवलं. या महिन्यात जावई नारायण असतो, म्हणून आईनं ताटात त्यांचे पाय धुतले आणि ते पाणी डोळ्यांना लावलं. पुरणाचे धोंडे, वर तूप. दाजी पोटभर जेवले, अजून एक मागून घेतला. वाण घेतलं, कपडे घेतले. मग गाडीला किक मारली. पहिल्या किकेला चालू झाली. त्यांनी झाकण उघडून आत डोकावलं.

"लई चकाचक केली की रे," मला म्हणाले. मला बरं वाटलं. आज तेच सगळ्यात जास्त झोंबतं.

अक्का पिशवी घेऊन उंबऱ्यात उभी होती. दाजी तिच्याकडं न बघता वडिलांना म्हणाले, "मामा, गाडी लई दिस उभी व्हती. रस्त्यात बंद पडली तर बाईमाणूस घिऊन कुटं उभारू? चालवून बघतो, भरवसा आला की येतो न्यायला."

वडील म्हणाले, "हाव, ते बी खरंच हाय." आईनं अक्काच्या हातातली पिशवी घेतली आणि आत नेऊन ठेवली. गाडीचा आवाज फाट्यापर्यंत ऐकू येत होता.

त्यानंतर फोन आधी कमी झाले, मग लागायचे थांबले. वडील अक्काच्या सासरी जाऊन आले. तिथं तिची सासू म्हणाली, पोरगा कामासाठी बाहेर असतो, आम्हाला तरी कुठं सांगतो. घरातून पाणीसुद्धा विचारलं नाही, हे वडिलांनी सांगितलं नाही. सोबत गेलेल्या चुलत्यांनी सांगितलं. पुढच्या पंचमीला अक्का झोक्यावर गेली नाही.

दिवाळी होऊन मी नांदेडला परतलो होतो. एके दुपारी अक्काचा फोन आला. जेवलास का, परीक्षा कधी, सगळं विचारलं. मग म्हणाली, आपल्या गावची माणसं मिरची आणायला धर्माबादला गेली होती, त्यांनी बघितलं.

"काय बघितलं?"

"बारसं व्हतं. तुझ्या दाजीच्या घरी. भाड्याचं घर हाय तिथं, बाई तिथलीच. पोरगा झालाय."

 अक्का पुढं बोलली, आवाज अगदी रोजचा.

"आपल्याकडं धोंडे खाऊन गेला ना, तव्हा तिला चौथा महिना लागला व्हता म्हणं."