चौथ्या पानावरचे अठरा लाख

छापखान्यात त्यांना सगळे कानामात्रा म्हणत, अगदी मालकसुद्धा, आणि तेही त्या नावाला ओ देत. दुकानाची पाटी असो, बसचं तिकीट असो, त्यांची नजर आधी चुकीवर जाऊन बसायची. डॉक्टरांच्या चिठ्ठीतले ऱ्हस्व-दीर्घ नीट केल्याशिवाय ते औषध आणायला जात नसत. मग औषधवाल्याला ती चिठ्ठी वाचता यायची नाही, हा भाग वेगळा.

मी त्यांचा जोडीदार. मुद्रितं, म्हणजे छपाईआधीची कच्ची पानं, जोडीने तपासायची आमची पद्धत होती. मी मूळ कागद मोठ्याने वाचायचा आणि त्यांनी छापील पानावर बोट ठेवून ऐकायचं. मी स्वल्पविराम, पूर्णविराम, कंस, सगळं उच्चारायचो. ती सवय घरीही यायची. बायकोशी भांडताना एकदा माझ्या तोंडून 'पूर्णविराम' गेला आणि ते भांडण तिथेच संपलं.

वर्षातून एकदा नगरपालिकेचा अहवाल छपाईला यायचा. पुढची दहा पानं फोटो आणि भाषणं, मागची चाळीस पानं नुसते तक्ते. एका बाजूला उत्पन्न: कर, भाडी, अनुदानं. दुसऱ्या बाजूला भांडवली खर्च, म्हणजे इमारती, रस्ते, नाले असल्या वर्षानुवर्षं टिकायच्या कामांवरचा. ही पानं कोणी वाचत नाही असं आम्हाला वाटायचं, तरी कानामात्रा ती पोथीसारखी वाचत. आकड्यांचा अर्थ मात्र ते बघत नसत. "अर्थात शिरलं की डोळा फसतो," असं म्हणत.

प्रत्येक तक्त्यात चालू वर्षाशेजारी मागच्या वर्षाचा रकाना असायचा. तो मागच्या वर्षीच्या छापील अहवालाशी तंतोतंत जुळलाच पाहिजे, हा त्यांचा नियम. नगरपालिकेने तो घातला नव्हता, त्यांनी स्वतःच घातला होता. छापखान्याचा नियम वेगळा होता: शंका आली तर समासात प्रश्नचिन्ह करा, कागद नगरपालिकेच्या कचेरीत पाठवा, स्वतः काही बदलू नका. नव्या माणसांना हा नियम कानामात्राच शिकवत.

नगरपालिकेच्या हिशेब खात्यात त्यांचा मेहुणा कारकून होता. आमच्या वहिनींचा, म्हणजे कानामात्रांच्या बायकोचा, सख्खा धाकटा भाऊ. बांधकामांचे आकडे तोच जुळवायचा, अहवालाचे कागद तोच आणून द्यायचा आणि शेवटच्या मुद्रितावर 'छापण्यास हरकत नाही' अशी सहीही त्याचीच असायची. माणूस साधा, थोडा आळशी, बोलायला गोड. रविवारी बहिणीकडे जेवायला यायचा आणि जाताना दाजींच्या चपला उलट्या ठेवून जायचा. दाजी चिडले की बहीण हसायची, आणि त्यासाठीच तो ते करायचा.

अकरा वर्षांपूर्वी अहवाल निघाला आणि महिन्याभरात आमच्या वॉर्डाची सभा झाली. एकाने तक्त्यांमधलं चौथं पान उंच धरून विचारलं, दवाखान्याच्या इमारतीवर मागच्या वर्षी अठ्ठेचाळीस लाख खर्च झाले म्हणता, मग जागेवर सहा खांबच कसे? खांब सोन्याचे आहेत का? सभेत हशा पिकला आणि पाठोपाठ मेहुण्याचं नाव निघालं, कारण कागद त्याच्या टेबलावरून गेले होते. चौकशी बसली. सहा महिन्यांनी हिशेबात तफावत नाही असं ठरलं आणि फाइल कपाटात गेली. पण चौकशीचा निकाल कोणी छापला नाही, आणि अहवाल घरोघरी होता. मेहुण्याला जन्म-मृत्यूच्या नोंदीच्या खिडकीवर बसवलं, बढती गेली. दवाखान्याचे खांब तसेच राहिले. छापील अहवालात ते काम पैशासकट पुरं झालेलं असल्यामुळे त्याच्यासाठी पुन्हा पैसे मागायला कोणी धजेना.

चौकशी चालू असतानाच मेहुणा एकदा कानामात्रांकडे आला होता. मीही तिथे होतो. तो दारातच म्हणाला, "दाजी, छपाईत काहीतरी चूक झालीय."

"माझ्या हाताखालून गेलेल्या पानात?"

"होऊ शकते ना."

"पान मी वाचलंय," कानामात्रा म्हणाले. "तुझ्या तोंडापेक्षा माझा त्या पानावर जास्त विश्वास आहे."

मेहुण्याला आणखी काही बोलायचं होतं असं मला वाटलं, पण तो वळला आणि जिना उतरला. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात होत्या. त्यानंतर भाऊ या घरी आला नाही आणि नवऱ्याने त्याला खोटं ठरवल्यावर कुठल्या तोंडाने जायचं म्हणून वहिनीही त्याच्याकडे गेल्या नाहीत. नवऱ्याशी त्या कामापुरतं बोलत: मीठ संपलंय, बिल आलंय, दार लावून घ्या. हे असं अकरा वर्षं चाललं. गुडघ्यांसाठी त्या दोन बस बदलून लांबच्या दवाखान्यात जायच्या, आणि जाताना त्या सहा खांबांवरून जावं लागायचं.

मध्यंतरी छापखाना बंद पडला. मालक रद्दीवाल्याला बोलावणार होते, तेव्हा कानामात्रांनी अहवालांचे गठ्ठे, मूळ कागद आणि मुद्रितं टेम्पोत घालून घरी आणली. पलंगाखाली दुसरं काही ठेवायला जागा उरली नाही.

या वर्षी मेहुण्याची मुलगी आली. आतोबांच्या घरी अकरा वर्षांत पहिल्यांदा. तिची उंची वाढलेली, हातात लॅपटॉप. मी नेहमीसारखा रविवारचा चहा प्यायला बसलो होतो. ती संख्याशास्त्र शिकून कुठल्याशा संस्थेत लागली होती. नगरपालिकेने आता वीस वर्षांचं उत्पन्न आणि भांडवली खर्च सगळ्यांना बघायला इंटरनेटवर टाकलंय, असं तिने सांगितलं. तिचं कामच ते होतं: वर्ष सुरू होतानाची शिल्लक घ्यायची, उत्पन्न मिळवायचं, खर्च वजा करायचा आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीशी जुळतंय का बघायचं.

"एकोणीस वर्षं जुळतात, आतोबा. एकच जुळत नाही. बरोबर तीस लाखांचा फरक येतो, आणि तो दवाखान्याच्या वर्षात येतो. म्हणजे पैसे गेलेच नव्हते. बँकेतच होते."

"टाइप करणाऱ्याने खाल्ले असतील," कानामात्रा म्हणाले. "हल्लीची मुलं डोळे मिटून टाइप करतात."

"टाइप तर तुमच्या छापील अहवालावरूनच केलंय."

"मग छापील अहवालाशी ताडून बघू. आत्ताच." त्यांनी चष्मा पुसला. गाडी रुळावर आल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. "आणि तुझ्या बापाला माहीत आहे का तू इथे आलीस ते?"

"नाही. तुम्ही चूक काढून दिलीत तर सांगेन. त्यांना अजून लोक बसमध्ये 'काय हो, सोन्याचे खांब' म्हणतात."

गठ्ठे बाहेर आले. पोरगी लॅपटॉप मांडीवर घेऊन खाली बसली, कानामात्रांनी छापील अहवाल घेतला, आणि जुन्या सवयीने मूळ कागद माझ्या हातात आला. इथे एक गोष्ट सांगायला हवी. तो कागद हातात घेतला तेव्हाच मला माहीत होतं की चौथ्या पानावर काय येणार आहे. मला ते कधीच विसरता आलं नव्हतं.

मी वाचत गेलो. नाला, स्वल्पविराम, सहा लाख चाळीस हजार. शाळेचं छप्पर, स्वल्पविराम, अकरा लाख. ते बोट सरकवत "हं, हं" करत होते.

"दवाखाना इमारत, मागील वर्ष," मी वाचलं, "अठरा लाख."

"अठ्ठेचाळीस. पुढे," ते म्हणाले.

मी पुढे वाचलं नाही. पोरगीही बघत राहिली. मग त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला. त्यावर टाइपात स्पष्ट अठरा होते. मग त्यांनी गठ्ठ्यातून शेवटचं मुद्रित काढलं. त्यात अठरा खोडून समासात अठ्ठेचाळीस केले होते, आणि खाली बेरीजही तीस लाखांनी वाढवली होती. शाई हिरवी. छापखान्यात हिरवी शाई एकच माणूस वापरायचा.

झालं होतं ते असं. आदल्या वर्षी बिल मंजूर झालं म्हणून अठ्ठेचाळीस छापले गेले. मग ठेकेदार पळाला, तीस लाखांचा चेक वटलाच नाही, आणि मेहुण्याने पुढच्या अहवालात मागच्या वर्षाचा आकडा सुधारून रीतसर अठरा केला. जुन्या अहवालाशी तो जुळेना, म्हणून कानामात्रांनी तो 'दुरुस्त' केला. मशीन त्या पानासाठी खोळंबलं होतं, कचेरी बंद झाली होती, आणि प्रश्नचिन्ह करायचा नियम नव्या माणसांसाठी होता. सही तेवढी रात्री मेहुण्याच्या घरी माणूस पाठवून आणली. शिलकेचं पान वेळ वाचावा म्हणून दुसऱ्या जोडीला दिलं होतं, त्यामुळे ती तफावत कोणालाच दिसली नाही.

त्यांनी त्या हिरव्या आकड्यावर बोट ठेवलं. मला त्यांची कीव आली, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. ते पान गुपचूप परत गठ्ठ्यात जाईल अशी भीती मला वाटत होती, पोरीला तर नक्कीच वाटत होती. पण त्यांनी ते घडी न घालता पुठ्ठ्यात ठेवलं आणि आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाले, "अगं, तुझ्या भावाकडे जायचंय. चूक माझी आहे."

वहिनी बाहेर आल्या तेव्हा चपला घातलेल्याच होत्या. भिंतीपलीकडून त्यांनी सगळं ऐकलं असणार.

मेहुण्याचं घर चार गल्ल्या पलीकडे. अकरा वर्षं न चाललेल्या त्या चार गल्ल्या आम्ही दहा मिनिटांत चाललो. मेहुण्याने दार उघडलं, बहिणीकडे बघितलं आणि बाजूला झाला. कानामात्रा बसले नाहीत. पुठ्ठा पुढे करून म्हणाले, "आकडा मी बदलला. तू बरोबर लिहिला होतास. उद्या हे घेऊन मी नगरपालिकेत जातो आणि लेखी देतो."

मेहुण्याने पान घेतलं. त्याने वरचा हिरवा आकडा पाहिला, पण त्याचं बोट खाली गेलं, सहीवर. 'छापण्यास हरकत नाही.'

"ही माझी आहे, दाजी," तो म्हणाला. "मी पान वाचलंच नव्हतं. तुम्ही वाचलंय म्हटल्यावर मी कशाला वाचू? आधीही कधी वाचलं नव्हतं. चौकशीत हे पान दाखवलं असतं तर सुटलो असतो, पण न वाचता सही केली म्हणून नोकरी गेली असती. म्हणून गप्प बसलो."

दोघं समोरासमोर उभे होते आणि कोणालाच रागवायची सोय उरली नव्हती. पोरगी रडत होती. मेहुण्याची बायको आत चहा टाकायला गेली. शेवटी वहिनीच बोलल्या, पण त्या दोघांशी नाही. त्या माझ्याकडे वळल्या.

"भावोजी, मूळ कागद तुम्ही वाचत होतात ना?"

"हो."

"मग तुम्ही अठरा वाचलं असेल."

"अठराच वाचलं."

"आणि हे काय म्हणाले?"

"अठ्ठेचाळीस."

"मग तुम्ही काय केलंत?"

"पुढची ओळ वाचली," मी म्हणालो.

नंतर सांगितलं असतं तर चाललं असतं, असं त्यांनी म्हटलं नाही. म्हणायची गरजच नव्हती. सुरुवातीला मी घाबरलो होतो, कारण कानामात्रांना चूक दाखवणारा माणूस छापखान्यात टिकत नसे. मग भांडण घरात शिरलं आणि मला एक सोयीचं वाक्य मिळालं: घरच्या भांडणात परक्याने पडू नये. अकरा वर्षं त्या वाक्याआड बसून मी दर रविवारी त्या घरचा चहा प्यायलो. वहिनी करायच्या, मी साखर थोडी कमी घाला म्हणायचो.

नगरपालिकेने आकडा दुरुस्त केला. दवाखान्याचं काम पुढच्या वर्षाच्या भांडवली खर्चात धरलंय म्हणे. वहिनी त्याच दिवसापासून नवऱ्याशी पूर्ववत बोलायला लागल्या, भाऊही रविवारी येतो. माझ्याशी मात्र त्या बोलत नाहीत. मला ते लागतं, आणि त्यांचं काही चुकतंय असं मला म्हणता येत नाही.