दुसरी कॉईल तापेना

टोकियोतल्या हिगाशी-कसाईत आमच्या मजल्यावरचा श्रीहरी संध्याकाळी बाल्कनीत व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, ओढायचा. शेजारच्या विजयकुमारांनी त्याला तोंडावर काही न बोलता, इथल्या रीतीप्रमाणे, गुपचूप इमारतीच्या मॅनेजमेंट ऑफिसात तक्रार केली. तेव्हापासून बिचारा खाली सायकल स्टँडपाशी कुडकुडत ओढतो आणि दातओठ खातो. तक्रारदाराचं नाव कुणी फोडलं, ते मला विचारू नका.

परवा तेच विजयकुमार स्वतःचं व्हेप लपवत त्याच्या दारात! मी तिथेच चहाला होते. मी कशाला उठतेय?

"श्रीहरी, दोनातली एकच कॉईल लाल होते, दुसरी थंडच. जळका वास येतो. सिंधूला कळायच्या आत बघ ना."

श्रीहरीने टाकी उघडली. थंड कॉईलच्या तारेचा स्क्रू सैल होता, त्यामुळे सगळा करंट तापणाऱ्या एकटीलाच जाळत होता. नुसता स्क्रू आवळायचा होता. पण गडी उठून बाल्कनीत गेला. पलीकडे विजयकुमारांच्या बाल्कनीत सिंधूवहिनी कपडे वाळत घालत होत्या.

"वहिनी, बारीक स्क्रूड्रायव्हर द्या हो. विजयकुमारांचं व्हेप दुरुस्त करायचंय."

"कोणाचं?"

"अरे, तिला कशाला सांगितलंस!" विजयकुमार कळवळले.

"मग काय," श्रीहरी गोड हसला, "मॅनेजमेंट ऑफिसातून कळवायचं होतं?"