झाकलेलं ताट

गव्हातलं ग्लूटेन सोडल्याने हृदय जपलं जातंच असं नाही, ही बातमी आज वाचली आणि मला ते झाकलेलं ताट आठवलं.

आहार आणि हृदयाच्या एका पाहणीसाठी मी घरोघरी फॉर्म भरत असे. एका घरी काकू म्हणाल्या, "यांना झटका आला तेव्हापासून मी गहू बंद केलाय. ग्लूटेन वाईट म्हणतात ना! पण यांना दुपारी दोन पोळ्या लागतातच."

"आता काकांना काही त्रास?"

"छे, आता काहीच नाही."

मी काकांच्या रकान्यात लिहिलं: गहू रोज, त्रास नाही. निघताना चपला घालत होते, तेव्हा दाराजवळ काकांचा हार घातलेला फोटो दिसला. मागे टेबलावर ताट झाकलेलं होतं.

"संध्याकाळी रिकामं असतं," काकू शांतपणे म्हणाल्या.

घरात त्या एकट्याच राहत होत्या.

ती ओळ खोडायला माझा हात धजला नाही. आकडे पुढे कुठे गेले, कोणी मोजले, मला माहीत नाही. पण गहू खाणाऱ्या निरोगी माणसांबद्दल वाचलं, की त्यांच्यात कुणीतरी मान खाली घालून जेवत असल्यासारखं वाटतं.