नळ बंद होईपर्यंत

आमचे भावजी, म्हणजे ताईचे यजमान, रेकॉर्डिस्ट होते. पुढे ते निर्मातेही झाले. लोक त्यांच्या कामाला जादू म्हणायला लागले की माझं डोकं फिरतं. मी पोस्टात छत्तीस वर्षं शिक्के मारले, त्याला कोणी जादू म्हटलं नाही. तेही कामच करत होते. सकाळी डबा घेऊन जायचे आणि संध्याकाळी हेडफोननं लाल झालेले कान घेऊन यायचे.

सुरुवात झाली ती रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात. तिथून एका स्टुडिओत लागले. स्टुडिओ कसला, छापखान्याच्या माडीवरच्या दोन खोल्या. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, खिडकीत विटा रचलेल्या. खाली छपाईचं यंत्र सुरू झालं की वरची जमीन थरथरायची, म्हणून रेकॉर्डिंग व्हायचं ते छापखान्याच्या जेवणाच्या सुट्टीत. चाळीस मिनिटं, बस्स. त्या काळच्या गाण्यांत सगळे गायक जरा घाईत वाटतात. आता जाणकार मंडळी त्याला चैतन्य म्हणतात. अहो, कसलं डोंबलाचं चैतन्य! खाली यंत्र सुरू व्हायच्या आत संपवायचं होतं, एवढंच.

पहिलं वर्षभर भावजींकडे एकच काम होतं, वायरी गुंडाळायच्या. नेमकं त्याच वर्षी ताईनं त्यांच्याशी परस्पर लग्न ठरवलं. आमच्या आईनं तिच्यासाठी पक्क्या नोकरीचा एक इंजिनिअर बघून ठेवला होता, पूल बांधणारा. भावजीही स्वतःला इंजिनिअरच म्हणवतात, पण आवाजाचे, हे कळल्यावर आईनं कपाळाला हात लावला.

लग्नानंतर दोघं पहिल्यांदा घरी आले तेव्हा आई त्यांना म्हणाली, "जावईबापू, मला तोंडदेखलं बोलता येत नाही. तुमचं काम चांगलं वाटलं, तर ज्या दिवशी वाटेल त्या दिवशी चांगलं म्हणेन. तोवर धरून चालू नका."

दुसरा कोणी असता तर मनाला लावून घेऊन यायचाच बंद झाला असता. भावजी पुढच्या रविवारी चार वाजता छोटा टेपरेकॉर्डर काखेत मारून हजर. तो त्यांनी स्वयंपाकघरातल्या फळीवर, साखरेच्या डब्याशेजारी ठेवला आणि तो कायमचा तिथलाच झाला.

त्यामागे त्यांचं एक शास्त्र होतं. स्टुडिओतले मोठे स्पीकर खोटं बोलतात, असं ते म्हणायचे. पाहुण्यांसमोर सगळीच पोरं शहाणी असतात, तसं. लोक गाणं ऐकतात ते नळ वाहत असताना, भांडी आदळत असताना, पोर रडत असताना. त्या सगळ्यातून जे कानापर्यंत पोचेल तेच खरं गाणं. स्टुडिओत प्रत्येकाला आपलंच घोडं पुढं दामटायचं असतं. गायक म्हणतो माझा आवाज वाढवा, ढोलवाला म्हणतो माझा ढोल कुठे गेला. यांनी सगळ्यांना हो म्हणायचं आणि रविवारी कॅसेट घेऊन आमच्या घरी यायचं.

आई भांडी घासायची. भावजी टेबलाशी बसून डाव्या अंगठ्यानं ठेका धरायचे. विचारायचे काही नाहीत, फक्त नळाकडे बघायचे. आईनं नळ बारीक केला तर ठीक. पूर्ण बंद केला तर गाणं पास. आणि मोठा सोडला, तर मुकाट्यानं कॅसेट काढायची आणि सोमवारी पुन्हा कामाला लागायचं.

शेरे मिळायचे, नाही असं नाही. "ही बाई काय म्हणतेय ते कळू द्या की जरा." "तो ढोल खाली घ्या, त्यापेक्षा माझी पातेली बरी वाजतात." एकदा तर म्हणाली, "याला बाहेर बसवून गायला लावलं होतं का?" भावजींनी खरंच त्या गायकाला आवाज घुमावा म्हणून जिन्यात उभा केला होता! सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्रक म्हणजे "असू दे". चांगलं हा शब्द मात्र नाही.

वर्षं गेली. स्टुडिओ छापखान्यावरून मोठ्या इमारतीत गेला. भावजींचे केस गेले, नाव आलं. कुठल्या कुठल्या गावांहून गायक त्यांच्याकडे यायला लागले. मानपत्रं मिळाली, ती त्यांनी कपाटावर टाकली आणि ताई वर्षातून एकदा त्यांच्यावरची धूळ झटकायची. एकदा मी वैतागून म्हटलं, "भावजी, सगळी दुनिया वा वा करतेय. आमच्या म्हातारीच्या एका शब्दासाठी काय अडलंय तुमचं?"

"दुनियेला माझ्याकडून काही ना काही हवं असतं," ते म्हणाले. "तुझ्या आईला काहीच नकोय. म्हणून तिचं हवंय मला."

हट्टाला औषध नसतं. दोघंही एकाच माळेचे मणी.

शेवटच्या तीनेक वर्षांत आईचा कान भलताच तिखट झाला. गाणं चालू असताना मध्येच बोट वर करायची. "इथं. इथं काहीतरी खटकतंय." आणि नेमकं तिथंच काहीतरी असायचं. कुठे श्वास जास्त झालेला, कुठे दोन टेप जोडताना सांधा राहिलेला. भावजी थक्क व्हायचे. स्टुडिओतल्या पोरांना सांगायचे, "सत्तरी ओलांडलेली बाई हे पकडते आणि तुम्ही झोपा काढताय!"

मग तो रविवार आला. एका हट्टी गायिकेनं एकेक ओळ वीस-वीस वेळा गाऊन भावजींना तीन दिवस पिळून काढलं होतं. काम संपल्यावर ते नेहमीसारखे मोठ्या टेपवरून कॅसेटवर गाणं उतरवायला बसले. त्यासाठी लाल बटण आणि त्याच्या शेजारचं बटण, दोन्ही एकदम दाबावी लागतात. यांनी नुसतं शेजारचंच दाबलं. हजारो गाणी टेपवर चढवलेला माणूस, आणि लाल बटण विसरला! कोरी कॅसेट खिशात घालून ते आमच्याकडे आले.

मी तेव्हा बाहेर गेलो होतो. पुढचं त्यांनी मला मंगळवारी पोस्टात येऊन सांगितलं, माझ्या काउंटरसमोरच्या बाकावर बसून.

"बटण दाबलं. आवाजच नाही. म्हटलं, घात झाला, कॅसेट कोरी आहे. बंद करायला हात पुढे केला आणि सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी नळ बंद केला. हात पुसले. मान तिरकी करून ऐकायला लागल्या. कोरी टेप फिरतेय आणि त्या ऐकतायत. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांना ऐकूच येत नाही रे! किती दिवस येत नसेल, देव जाणे. माझा हात तसाच राहिला."

"मग?"

"मग काय. दहा मिनिटं बसलो तसाच. शेवटी त्या म्हणाल्या, 'चांगलं झालंय हो, जावईबापू. फार चांगलं झालंय.'"

एवढं सांगून ते हसायला लागले, आणि हसता हसता त्यांना हसवेना. रांगेतली माणसं बघत होती. मी त्यांना पाणी दिलं.

"तुझ्या आईला यातलं काही कळता कामा नये," ते म्हणाले. "मी येत राहणार. कॅसेट आणत राहणार. शप्पथ आहे तुला."

तुम्ही म्हणाल, आईबरोबर एका घरात राहून मला कसं कळलं नाही? आमची आई पहिल्यापासूनच कोणाचं ऐकत नव्हती, त्यामुळे फरक पडल्याचं लक्षात आलं नाही. विनोद करतोय खरा, पण लाज वाटते मला त्याची.

भावजी शब्दाला जागले. पुढचे पाच महिने एक रविवार चुकवला नाही. मग आई अंथरुणाला खिळली. एक दिवस तिनं मला जवळ बसवलं. तोंडाकडे बघितलं की तिला बोलणं समजायचं, हे आता मला ठाऊक होतं.

"एक सांगते, जावईबापूंना बोलू नकोस," ती म्हणाली. "तीन वर्षं झाली, मला त्यांची गाणी ऐकू येत नाहीत."

मी तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

"रविवार बंद पडला असता ना रे. म्हणून मी त्यांचा अंगठा बघायचे. अंगठा अडखळला की म्हणायचे, इथं खटकतंय. त्यांना वाटायचं, काय कान आहे म्हातारीचा." ती जरा हसली. "त्या एका रविवारी अंगठा हललाच नाही. म्हटलं, बिघडलंय वाटतं. म्हणून तोंडाकडे बघितलं, तर डोळ्यांत पाणी. इतक्या वर्षांत हा माणूस स्वतःच्या गाण्याला कधी रडला नव्हता. म्हटलं, मग हे खरंच चांगलं असणार. आणि बोलून टाकलं. आधीच बोलायला हवं होतं. ऐकू येत होतं तेव्हा पुष्कळ गाणी चांगली होती की, पण जीभ रेटली नाही माझी."

तिनं माझा हात धरला.

"कुठलं गाणं होतं रे ते?"

भावजींना शब्द दिलेला, आणि ही तर डोळ्यांत डोळे घालून बघतेय. त्या दिवसांत त्या हट्टी गायिकेचं एक गाणं दुकानादुकानांत वाजत होतं, आमच्या पोस्टातला शिपाईसुद्धा ते गुणगुणायचा. मी त्याची पहिली ओळ सावकाश म्हटली, तिला ओठ दिसतील अशी.

"वाटलंच मला," आई म्हणाली.