सायकलीचा कासरा

गुरूची विद्या गुरूलाच फळते म्हणतात. ही म्हण माझ्याच टाळक्यात बसेल असं मला वाटलं नव्हतं. तसा मी काही मोठा गुरू बिरू नव्हतो. जालन्यात टेशनाच्या रस्त्याला माझं सायकलीचं दुकान होतं. सायकली भाड्यानं द्यायचो, पंक्चर काढायचो.

लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळेना. मोटारी कोळशावर चालायच्या, अन् चढ आला की उतारूंनीच खाली उतरून ढकलायच्या. जो तो सायकलीच्या मागं लागला. पण शहरातल्या सडकेवर घंटी वाजवत जाणं निराळं, अन् आपल्या काळ्या रानातून मंठ्याला नाहीतर तीर्थपुरीला जाणं निराळं. गाडीवाटेची खोल चाकोरी, मधी नाले, आडवी पडलेली बाभळीची खोडं. चिखल तर असा, की चाक अन् मडगाडाच्या मधी बसला की सायकल जागची हालायची न्हाई.

म्हणून दसरा झाल्यावर मी नदीच्या काठी आठ दिवसांची तालीम घ्यायचं ठरवलं. आठ-नऊ जण आले. दोन शाळामास्तर, एक डाकवाला, एक पोक्त वैद्य, बाकीचे शेतकरी गडी. शिकवणार होतो फुकट, पण मनात लोभ होताच. आमच्याकडं आखाड्यात रीत आहे. तालीम पुरी झाली की शागीर्द शिरनी वाटतात, गोडधोड, अन् पहिला घास ज्याच्या हातावर ठेवतात तो उस्ताद. मंग गावभर त्याला उस्तादच म्हणायचं. मला सगळे सायकलवाला म्हणायचे. चाळिशीला आल्तो. मला एकदा उस्ताद व्हायचं होतं, बस्स.

सगळी तयारी मी एकट्यानं केली. उतार बघितला, घागरी ओतून चिखल केला, फक्कीच्या रेघा मारल्या, सगळ्या सायकलींची मडगाडं काढली अन् वाटेत बाभळीचं खोड आडवं टाकलं. धडा साधा होता. खोड जवळ आलं की चालत्या सायकलीवरून उतरायचं, दांडी खांद्यावर घ्यायची, पळत ओलांडायचं, अन् पळता पळताच परत टांग मारायची. सायकली उचलू लागायला म्हणून भोकरदनकडचा एक गाडीवान बोलावला. बैलगाडीतून अडतीला कापूस आणायचा तो. सायकल त्याला मीच शिकवली होती, वर्षसुद्धा झालं नव्हतं.

पहिल्याच दिवशी बघा काय झालं. वैद्यबुवा जोरात आले, खोड बघून घाबरले, पण ब्रेक काही दाबेनात. मागं रेलले, हँडल छातीकडं ओढलं अन् वरडले, "हो हो! हो हो!" त्यांच्या मागून मास्तर आले, त्यांचंही तेच. सगळी जन्मापासून बैलगाडीत बसलेली माणसं. भ्याली की हातात हँडल हाये का कासरा, हे कुणाच्या ध्यानातच राहीना.

"अहो, हा बैल हाये का? ब्रेक दाबा, ब्रेक!" तीन दिवस मी वरडत होतो. घसा बसला.

"काय करू हो, हात आपोआप मागं जातो," वैद्यबुवा म्हणायचे.

चवथ्या दिवशी गाडीवान माझ्याजवळ आला. "भाऊ, रागावू नका. वढू द्या त्यांला. वढलं की म्होरलं चाक उचलून राह्यलंय, बघितलं का?" अन् माझं उत्तर यायच्या आधीच त्यानं सगळ्यांना सांगितलं, "खोडाला चाक लागायच्या आधी बराबर कासरा वढा. चाक पलीकडं पडलं की ढिला सोडा, अन् बुड सीटवरून उचला."

वैद्यबुवांनी धोतराचा काचा मारला अन् खोडावरून सायकलीसकट पलीकडं गेले. चाक धपकन पडलं, पण माणूस वरच! लोकांनी टाळ्या पिटल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या खोडीबद्दल मी तीन दिवस शिव्या घातल्या, तिचीच ह्या गड्यानं एका घटकेत विद्या केली. मला का सुचलं न्हाई? तिथून पुढं जो तो "गाडीवानदादा, इकडं बघा, माझं बराबर हाये का?" अन् मी आपला घागरी ओतून राह्यलो.

शेवटच्या दिवशी मी खोड बदललं. चांगलं जाडजूड आणलं. कशाला, ते खरं सांगतो. सगळ्यांच्या देखत गाडीवान तोंडावर पडावा म्हणून.

पण डाकवाल्यानं हात जोडले. "पहिला डाव उस्तादाचा," तो म्हणाला अन् माझ्याकडं बघितलं.

उस्ताद! तो शब्द कानात गेला अन् माझी अक्कल गेली. उतरून ओलांडण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता, पण मला दाखवायचं होतं की कासरा मलाही वढता येतो. कधी करून बघितलं नव्हतं. सायकल जोरात काढली, ओढलं, चाक वीतभर उचललं अन् खोडावर आदळलं. मी माझ्याच हातानं केलेल्या चिखलात पालथा पडलो. कुणी हसलं न्हाई. हसले असते तर बरं झालं असतं.

मंग गाडीवान आला. खोडाजवळ येताच त्यानं टांग काढली, दांडी खांद्यावर घेतली, चार ढांगांत पार झाला, अन् पळता पळता वर बसला. माझाच धडा, केसभर चूक न्हाई. "एवढ्या खोडावर वढायचं नसतं," तो म्हणाला. "तिथं भाऊंनी शिकवलं तेच खरं." बिचारा मनापासून बोलला. मला वाटलं, परत चिखलात तोंड घालावं.

शिरनीला बत्तासे होते. वैद्यबुवा ताट घेऊन मधीच थबकले, एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा त्याच्याकडं. गाडीवानानं त्यांचा हात धरला अन् माझ्याकडं वळवला. "पहिला घास भाऊंचा. मलाही यांनीच शिकवलंय."

झालो उस्ताद. त्यानं मान हिसकावला असता तर मी भांडलो असतो. त्यानं तो दिला, आता त्याला काय करता? बत्तासा तोंडात टाकला तो गोड लागला का कडू, तेसुद्धा कळलं न्हाई.

दुसऱ्या साली तालीम त्यानंच भरवली. पहिल्या दिवशी सकाळीच माझ्या दारात येऊन उभा राह्यला. "उस्ताद, काही करू नका, नुसते येऊन बसा. तुमच्याबिगर सुरू कशी करू?"

मी आतूनच सांगितलं, "ताप आलाय मला."

"मंग जपा," म्हणाला अन् गेला. बायकोनं माझ्या कपाळावर हात ठेवून बघितला.

"ताप बिप काही न्हाई," ती म्हणाली. "जळून राह्यलात तुम्ही."

मी म्हणलं, "दार लाव."