चाळीखालची राख

माझा स्वभावच संशयी. उत्तरपत्रिका तपासण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे कुणी बरोबर उत्तर लिहिलं तरी मी आधी शेजारच्या बाकाचा पेपर बघायची. 'अपोकॅलिप्स' या शब्दाचाही मला असाच संशय आला. इंदिरानगरच्या घरी शब्दकोश उघडून बसले होते. अर्थ दिला होता जगाचा अंत, आणि खाली मूळ ग्रीक अर्थ: झाकण काढणं, दडलेलं उघड करणं. ख्रिस्ती धर्मग्रंथाच्या शेवटच्या भागाला हे नाव पडलं, त्यात उघड झाला तो विनाश, म्हणून शब्दालाही तोच अर्थ चिकटला, असा खुलासा होता. मला काही तो पटला नाही. झाकण काढलं की वाईटच निघतं, हे कुणी ठरवलं?

त्याच आठवड्यात माहेरी देवळ्याला गेले. अंगणातच कांद्याच्या चाळीकडून आंबूस वास आला. उन्हाळी कांदा या बांबूच्या चाळीत भरतात आणि भाव येईपर्यंत तिला हात लावत नाहीत; एकदा फोडली की माल निवडून विकावाच लागतो. घराचं अख्खं वर्ष तिच्यात असतं. भाऊ म्हणाला, चाळीला थोडाफार वास यायचाच. पण चाळीखाली ताजी राख पसरलेली होती. सडक्या कांद्याचं पाणी टिपायला राखच टाकतात. हा वडिलांपासून लपवतोय, अशी माझी खात्रीच झाली. वडील ऐंशीच्या पुढचे, पण शेतीत शेवटचा शब्द अजून त्यांचाच.

"ताई, आते फोडू नको. कांदा चांगला शे," मी फळीला हात घातला तसा भाऊ गावच्या बोलीत म्हणाला.

मला जास्तच संशय आला. मी खालची फळी ओढून काढली. काळं पाणी आणि लगदा झालेले कांदे माझ्या पायांवर आले. भाऊ मटकन खाली बसला. त्याचा चेहरा बघितला आणि कळलं, कांदा सडल्याचं याला खरंच माहीत नव्हतं.

वडील ओट्यावरून उठून आले होते.

"राख मीच टाकेल शे," ते म्हणाले. "कांदा वल्ला व्हता. पोऱ्या नको म्हने, तरी भराले मीच सांगं."

मुलासमोर मान खाली घातलेले वडील मी कधी पाहिले नव्हते. फळी माझ्या हातातच होती, आणि आता ती परत लावून काही उपयोग नव्हता.