चौथं वाक्य

अर्धी वाट सरली तेव्हा मागून शिट्टी ऐकू आली. ऑरिनमामा आणि त्याची भाची लव्हिना रुळांवरून खाली उतरली. समारंभाला निघालेल्या पाहुण्यांची गाडी धडधडत गेली. खिडक्यांत पिसांच्या टोप्या, हसू, आणि या दोघांच्या अंगावर इंजिनाची राख.

"हेच का तुझं बोलावणं, मामा?" लव्हिना पदर झाडावा तशी शाल झाडत म्हणाली. "जन्मभर ज्यांच्या गाड्या जोडल्यास, त्यांना एक पास देववेना."

"पास मोठ्यांना. आपल्याला मोकळी हवा."

पेनसिल्व्हेनियाच्या या डोंगरांत ऑरिन टॅकेटने उभी हयात मालगाड्यांवर काढली होती. दोन डबे जवळ येताना मधे उभं राहायचं, लोखंडी कडी हाताने समोरच्या खाचेत घालायची, वरून खिळा टाकायचा. हात काढायला उशीर झाला की बोट तिथेच. मामाच्या उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी तेवढी उरली होती. आणि यार्डातले मुकादम नोकरी देताना हातच बघायचे! बोटं शाबूत असली तर "नवशिका आहेस, घरी जा." एकदोन कमी असली की माणूस अनुभवी. देवाने दिलेल्या हातांची ही पारख.

डबे आपोआप जुळवणारी पकड कधीचीच निघाली होती. कंपनी म्हणे, खर्च परवडत नाही. बोटं परवडत होती, कारण ती दुसऱ्यांची होती. शेवटी सरकारने कायदाच केला, तेव्हा कुठे साहेबांना पान्हा फुटला. आता त्या पान्ह्याचा समारंभ, झालरी लावून, बँडसकट.

मामाने व्यासपीठावर हात दाखवायचा आणि कंपनीच्या कारकुनाने सांगितलेली चार वाक्यं बोलायची. मग फाटकावर झेंडी दाखवायची नोकरी पक्की. एकदोन नव्हे, तीन बोटं गेलेल्या त्या हाताला दुसरं काम कोणी देत नव्हतं. लव्हिना रविवारी चर्चमध्ये पोरांकडून वचनं घोकून घ्यायची, म्हणून मामाची तयारीही तिच्याकडेच आली.

"म्हण पुन्हा."

"ही नवी पकड आली. आमचे हात वाचले. मी देवाचे आभार मानतो. आणि..." मामा अडला.

"आणि ही सारी कंपनीच्या दयाळू मनाची देणगी."

"घशातून निघत नाही गं ते."

"मग नको म्हणूस."

"आणि फाटक? तुझ्या आईच्या चुलीशी बसून आयतं खाऊ?"

"तो कारकून पुढेच बसणार, कान टवकारून."

"त्याची दहाही बोटं जागच्या जागी आहेत. एखादा कान कमी असता तर बरं झालं असतं."

लव्हिनाला हसू आलं, पण मामा हसला नाही. वळणापुढे गाव दिसू लागलं. बँडचा आवाजही आला. मामाने हातमोजा काढला. चर्चमध्येसुद्धा तो हात कधी मोज्याबाहेर येत नसे.

"व्हिनी, तू स्तोत्र सुरू केलंस की सगळे उठून तुझ्यामागे म्हणतात ना?"

"म्हणतात. का रे?"

"मी देवाचे आभार मानले, की त्याच क्षणी उठ. खणखणीत आवाजात सुरू कर. देवाचं नाव आलं की साहेबांनाही टोप्या काढून उभं राहावं लागेल. सगळी कडवी म्हण, एकही गाळू नकोस. तेवढ्यात मी खाली उतरतो. करशील एवढं?"